तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या शुक्रवारचा गल्ला कुणाचा?

सुपरहिरोंच्या एखाद्या सिनेमाला मी नावं ठेवायला लागलो की कुणीतरी हमखास अडवतं. ‘अहो, तो सिनेमा एवढे कोटी कमावून बसलाय, लोक काय वेडे आहेत?’ मला आवडलेला एखादा पडला की तोच प्रश्न उलटा येतो. ‘एवढा चांगला होता, तर चालला का नाही?’

लोक वेडे नाहीतच. पण पहिल्या शुक्रवारी तिकीट काढणाऱ्याने तो सिनेमा पाहिलेला कुठे असतो? त्याने ट्रेलर पाहिलेला असतो, आणि मुख्य म्हणजे आधीचा सिनेमा पाहिलेला असतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांचा गल्ला मी आधीच्या सिनेमाच्या खात्यावर मांडतो. पडद्यावर चाललेल्या सिनेमाचं खरं काय ते दुसऱ्या शुक्रवारपासून कळायला लागतं.

बॅटमॅनचंच घ्या. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये हा गडी कंबरपट्ट्यातून स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढतो. मुदत संपण्याच्या तारखेच्या जागी ‘कायमस्वरूपी’ अशा अर्थाची अक्षरं. त्यानंतर आठ वर्षं बॅटमॅनचा सिनेमा आला नाही, यात नवल ते काय! २००५ मध्ये ‘बॅटमॅन बिगिन्स’ आला, तेव्हा अमेरिकेत शुक्रवार ते रविवार पाच कोटी डॉलरसुद्धा जमले नाहीत. ती क्रेडिट कार्डाची वसुली होती. पण ज्यांनी पाहिला ते इतरांना सांगत सुटले, आणि सिनेमा तिथे वीस कोटींच्या वर जाऊन थांबला. सुरुवातीच्या चौपट. मग २००८ ला ‘द डार्क नाइट’ पहिल्या तीन दिवसांतच १५.८ कोटींवर गेला. त्यात जोकर झालेल्या हीथ लेजरच्या अकाली मृत्यूमुळे कुतूहल वाढलं होतं हे खरं, तरी त्या रांगांमागे ‘बिगिन्स’ची पुण्याईही होती. पुढे त्याने अमेरिकेत ५३ कोटी केले, ते मात्र स्वतःच्या जोरावर.

आता २०१६ चा ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’. पहिल्या तीन दिवसांत १६.६ कोटी, म्हणजे ‘डार्क नाइट’पेक्षाही जास्त! त्या रविवारी त्याच्या चाहत्यांनी विजयाचे नगारे वाजवले. दुसऱ्या शनिवार-रविवारी गल्ला ६९ टक्क्यांनी घसरला. अमेरिकेतला शेवटचा आकडा ३३ कोटी, सुरुवातीच्या जेमतेम दुप्पट. दोघांच्या आयांचं नाव एकच निघतं आणि भाला उगारलेला बॅटमॅन थबकतो, त्या प्रसंगाची आजही टिंगल होते. मला विचाराल तर कल्पना वाईट नव्हती, ती फार घाईत उरकली. पण जगभरातून ८७ कोटी डॉलर मिळालेल्या सिनेमाला अपयशी म्हणायचं कसं? पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’मध्ये बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन सगळे एकत्र होते आणि अमेरिकेतली सुरुवात झाली साडेनऊ कोटींच्याही आत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ‘वंडर वुमन’ झकास चालला होता, तरीही. आधीच्याची उधारी नंतरच्याने फेडली.

आकड्यांवरून भांडणाऱ्या चाहत्यांची मला गंमत वाटते. आपला सिनेमा चालला की तो जनतेचा कौल, पडला की जनतेला अक्कल नाही. शिवाय गल्ल्यातला साधारण निम्माच वाटा स्टुडिओकडे जातो, चीनमध्ये तर पावच, आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीच्या आकड्यात धरलेला नसतो. म्हणून धंद्यातले लोक ढोबळमानाने खर्चाच्या अडीचपट गल्ला झाला तरच सुटलो म्हणतात. महागाईचा हिशेब लावला तर जुन्या विक्रमांची सगळी क्रमवारीच बदलते, पण त्यात मी शिरत नाही.

‘कॅप्टन मार्व्हल’वरचा वाद तर संपतच नाही. मार्व्हलच्या सगळ्या सुपरहिरोंना एकत्र आणणाऱ्या ‘इन्फिनिटी वॉर’च्या अगदी शेवटी त्यांना जमवणाऱ्या निक फ्युरीची राख होते, त्याचा पेजर जमिनीवर पडतो आणि त्यावर एक चिन्ह उमटतं. ते कुणाचं, एवढं कळायलाच २०१९ च्या मार्चमध्ये निम्मं जग थिएटरात गेलं असावं, कारण त्या गोष्टीचा पुढचा भाग ‘एंडगेम’ दीड महिन्यावर आला होता. जगभरातला गल्ला ११३ कोटी. चार वर्षांनी तीच नायिका असलेल्या ‘द मार्व्हल्स’ला जगभरात २१ कोटीही जमले नाहीत. कुणी म्हणालं, नायिका नको आहे लोकांना. कुणी म्हणालं, नटांच्या संपामुळे प्रसिद्धी झाली नाही. कुणी म्हणालं, सुपरहिरोंचाच कंटाळा आलाय. कंटाळा म्हणावा तर त्याच वर्षी ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’च्या तिसऱ्या भागाने ८४ कोटी केले होते. संपाचा फटका मला पटतो. पण माझ्या मते दोन्ही सिनेमे सारखेच बरे आहेत, दुसरा तर आटोपशीरही आहे. पहिल्याला पेजर मिळाला. दुसऱ्याच्या वाट्याला आले मार्व्हलचे मधले फसलेले सिनेमे आणि न संपणाऱ्या मालिका.

माझ्या या हिशेबाला ‘जोकर’ मात्र दाद देत नाही. २०१९ चा पहिला भाग जगभरात शंभर कोटींपार गेला, लोकांना आवडलाही. मग २०२४ चा दुसरा भाग दणक्यात सुरू व्हायला हवा होता. तो अमेरिकेत चार कोटींच्याही आत उघडला आणि दुसऱ्या आठवड्यात ८१ टक्क्यांनी कोसळला. महिनाभर आधी व्हेनिसच्या महोत्सवातूनच कुरबुर सुरू झाली होती, आणि त्यात हा गाण्यांचा सिनेमा. म्हणजे पुण्याई वेळेआधीच खर्च होऊ शकते.

तरी मी माझाच हिशेब धरून बसलोय, तो स्पायडर-मॅनच्या ‘स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटांमुळे. २०१८ चा पहिला भाग अमेरिकेत साडेतीन कोटींवर उघडला; ‘कार्टून आहे’ म्हणून किती जणांनी तो टाळला असेल! मग ऑस्कर मिळालं, लोकांनी घरी बसून पाहिला, पुन्हा पाहिला. २०२३ चा दुसरा भाग बारा कोटींवर उघडला. त्या बारा कोटींतला मोठा वाटा मी पहिल्याच्याच नावावर लिहितो. दुसरा तर ऐन रंगात आल्यावर ‘क्रमशः’ म्हणून संपतो, आणि थिएटरात माझ्या मागच्या रांगेतून तेव्हा ‘हे काय!’ असं जोरात ऐकू आलं होतं. ते कौतुक होतं की वैताग, ते तिसऱ्याच्या पहिल्या शुक्रवारी कळेल.