सेंट अँड्र्यूजला जाऊन ओल्ड कोर्सवर का खेळले नाही

मागच्या जूनमध्ये स्कॉटलंडहून परतल्यापासून हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि गोल्फ शिकवणाऱ्या सरांनीही विचारला आहे: खास गोल्फसाठी सेंट अँड्र्यूजला गेलात आणि तिथल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर, म्हणजे जुन्या गोल्फच्या मैदानावर, एकही बॉल न मारता परत कशा आलात? आजवर मी वेळ मारून नेली. कोणाला पावसाचे कारण सांगितले, कोणाला बुकिंग मिळाले नाही म्हटले. दोन्ही खरे नव्हते. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदाच नीट लिहिते.

सरळ उत्तर असे, की ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता. पण दाखला असता तरी त्या आठवड्यात मी तिथे खेळायला उभी राहिले नसते, आणि त्याचे कारण पहिल्याच दिवशी दुसऱ्या एका कोर्सवर घडले.

निघण्यापूर्वी मी आखलेला बेत अजून वहीत आहे: पाच दिवस, चार कोर्स, प्रत्येक ठिकाणी पूर्ण अठरा होल (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा). तोवर माझ्या गाठीशी पुण्यातल्या ड्रायव्हिंग रेंजवरच्या अकरा शिकवण्या होत्या आणि तीन वेळा खेळलेले नऊ होल. अठरा होल म्हणजे चार तासांहून अधिक वेळ आणि सामान ओढत आठ-दहा किलोमीटर चाल, हे मला माहीत होते. तरीही इतक्या लांब जाऊन नऊच होल खेळायचे हे मला अर्धपोटी उठण्यासारखे वाटत होते. एडिंबऱ्यात राहणारी माझी नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, पहिला दिवस मोकळा ठेवू या का?” त्यावर मोकळे बसायला मी एवढ्या लांब येत नाही, असे मी तिला ऐकवले होते.

पहिला कोर्स स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्याच्या किनाऱ्यावरचा. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्यांनी माझे काही वाईट केले नाही. आम्ही तिघे होतो: माझे पती, नणंद आणि मी. समुद्रावरून वारा असा येत होता, की जमिनीत खोचलेल्या टीवरून, म्हणजे बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, बॉल दोनदा आपोआप खाली पडला. पहिल्या होलला मला नऊ फटके लागले, दुसऱ्याला अकरा. चौथ्या होलपर्यंत हातमोजा घामाने ओला झाला होता आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आलेला फोड फुटला होता. मागे चौघांचा एक गट होता. प्रत्येक टीवरून, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेवरून, मी वळून पाहिले की ते क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठीवर, रेलून उभे असलेले दिसत. अशा वेळी थांबून मागच्यांना पुढे जाऊ द्यावे, हा साधा शिष्टाचार मी शिकले होते. नणंदेने दोनदा सुचवलेही. मी दोन्ही वेळा म्हणाले, “आता जमेल.”

सहाव्या होलला माझा बॉल पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत गेला. हरवलेला बॉल शोधायला 2019 पासून तीनच मिनिटे मिळतात, पूर्वी पाच मिळत. आम्ही किती वेळ शोधत होतो ते मी मोजले नाही, पण तीन मिनिटे केव्हाच उलटून गेली होती. शेवटी हिरव्या ठिपक्याची खूण असलेला माझाच बॉल मला सापडला आणि तो बाहेर घेऊन मी पुन्हा मारायच्या तयारीत असताना कोर्सवरचे एक वयस्क कर्मचारी बग्गीतून आले. पुढच्या गटापासून आपण एक अख्खा होल मागे पडला आहात, हा होल सोडून पुढच्या टीवर जाल का, असे त्यांनी अतिशय सौम्यपणे विचारले. मी काही बोलण्याआधी हे माझ्याकडे न पाहता म्हणाले, “उचल आता.”

मी बॉल उचलला. त्याला पिवळी पाकळी चिकटली होती, ती तशीच ठेवून बॉल खिशात टाकला. त्यानंतरचे सगळे होल मी त्या दोघांबरोबर चालले, ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, त्यांच्यासाठी झेंडा धरला, पण क्लब हातात घेतला नाही. प्रत्येक टीवर नणंद म्हणायची, “वहिनी, एक तरी मार ना.” मला खेळू नको असे कोणी म्हटले नव्हते. न खेळणे हा माझा हट्ट होता, आणि तो मी राग म्हणून वापरला, हे इथे कबूल करते.

बॉल उचलण्यात कमीपणा काहीच नव्हता, हे मला नंतर कळले. फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरांनी रूढ केलेल्या गुणपद्धतीची पहिली स्पर्धा 1932 साली झाली. तिच्यात एखाद्या होलला गुण मिळण्याची शक्यता संपली की खेळाडू बॉल उचलतो आणि पुढे जातो. आम्ही त्या पद्धतीने खेळायचे ठरवले असते, तर दुसऱ्या होलला मी स्वतःहून बॉल उचलला असता. मग तेच दोन शब्द मला आजही का बोचतात? यांचे म्हणणे असे, की त्यांनी मला अवघड प्रसंगातून सोडवले. ते खरेही असेल.

त्या रात्री मी उरलेली तीन बुकिंगे रद्द केली. पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी आम्ही ल्यूकर्स स्टेशनवर उतरून बसने सेंट अँड्र्यूजला गेलो आणि ओल्ड कोर्सला लागूनच असलेल्या ‘हिमालयाज’ नावाच्या पटिंगच्या, म्हणजे बॉल हलकेच खड्ड्याकडे ढकलण्याच्या, मैदानावर दोन तास काढले. तेथील स्त्रियांचा पटिंग क्लब 1867 मध्ये स्थापन झाला. त्या काळी स्त्रियांनी खांद्यावरून क्लब फिरवून फटका मारणे अशोभनीय समजले जाई, म्हणून त्यांनी पटिंग आपलेसे केले. हाती एक पटर आणि एक बॉल, आणि समोर लाटांसारखे हिरवे उंचवटे. उंचवट्याच्या माथ्यावर जाऊन बॉल क्षणभर थांबतो आणि मग कोणत्या बाजूला उतरतो, ते पाहण्यात माझा अंगठा दुखायचा थांबला.

पुढचे तीन दिवस रोज एकदाच, नऊ होलच्या बॅलगोव्ह कोर्सवर खेळलो. तिथे हँडिकॅप लागत नाही, मुले आणि नवशिके हेच तिथले नेहमीचे खेळाडू. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी सात नंबरच्या आयर्न या क्लबने मारलेला एक बॉल थेट ग्रीनवर जाऊन थांबला. तो आवाज, काडी मोडल्यासारखा स्वच्छ, अजून कानात आहे.

नऊ होल म्हणजे अर्धा खेळ, असे वहीत बेत लिहिणारी ती बाई मला आजही सांगते. मी तिला सांगते, की अठरा हा आकडा त्याच गावात 1764 मध्ये ठरला, त्याआधी तिथे बावीस होल खेळत. आणि आता तर नऊ होलचा स्कोअरही हँडिकॅपसाठी धरला जातो, ज्याची कमाल मर्यादा स्त्री-पुरुष दोघांसाठी 54 आहे. तिला हे पटत नाही. ती विचारते, की ही सगळी माहिती तुला पळ काढल्यानंतरच कशी सापडली? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ओल्ड कोर्स आम्ही पाहिला, रविवारी. रविवारी तिथे गोल्फ बंद असतो आणि गावकरी कुत्री, मुले घेऊन फिरायला येतात. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर नणंदेने माझा फोटो काढला. हे थोडे दूर उभे होते. सहाव्या होलपासून तेरा रकाने कोरे असलेले ते स्कोअरकार्ड तेव्हा माझ्या पर्समध्ये होते, आता कपाटाच्या खणात आहे. ते यांनी पाहिले आहे का, हे मी अजून विचारलेले नाही.