‘प्रिझन ब्रेक’ आज संपली

गेले दोन महिने रोज रात्री जेवणानंतर पाहत आलेल्या ‘प्रिझन ब्रेक’चा शेवटचा भाग आज पाहून झाला, आणि घरातले एखादे माणूस गावाला गेल्यासारखे मला संध्याकाळपासून वाटत आहे. २००५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका २००९ पर्यंत चार पर्वे चालली आणि २०१७ मध्ये नऊ भागांचे पाचवे पर्व घेऊन परतली.

माझे मन मात्र पहिल्या पर्वातच रेंगाळते. फाशीची नव्हे, पण विजेच्या खुर्चीची शिक्षा झालेल्या थोरल्या भावाला वाचवण्यासाठी मायकल स्कोफिल्ड हा स्थापत्य अभियंता तुरुंगाचा आराखडा अंगावर गोंदवून स्वतःहून आत जातो. मैदानातल्या बाकाचा एक बोल्ट तो काढतो, फरशीवर घासघासून त्याला हवा तो आकार देतो आणि त्यानेच कोठडीतले शौचपात्र भिंतीपासून सोडवतो. ते घासणे पाहताना माझाही श्वास अडकला होता. हे चित्रीकरण इलिनॉयमधील जोलिएटच्या, २००२ मध्ये बंद झालेल्या खऱ्या तुरुंगात झाले, म्हणूनच त्या दगडी भिंती इतक्या जड वाटतात.

पनामातील तुरुंगाचे तिसरे पर्व लेखकांच्या संपामुळे तेरा भागांतच आटोपले. चौथ्यातील कटकारस्थाने मला फार ताणलेली वाटली. तरीही भावासाठी सगळे आयुष्य पणाला लावणाऱ्या मायकलवरचा माझा जीव शेवटपर्यंत तसाच राहिला. उद्या धाकट्या भावाला फोन करून पहिला भाग लावायला सांगणार आहे.