सोलां, आगळ आणि करंट अकाउंट

गोव्यात माझा धंदा म्हणजे भिरंडाची, म्हणजे कोकमाची सोलां (वाळवलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसाची साटां (फणसपोळी) आणि मे महिन्यात थोडे पापड. माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातो, डिचोलीतल्या ओळखीच्या दुकानांत जातो आणि हल्ली किनाऱ्यावरची दोन हॉटेलंही आगळ घेतात. इतकी वर्षं सगळे पैसे माझ्या सेव्हिंग खात्यात यायचे. त्याच खात्यातून विजेचं बिल, मुलाची फी आणि सासूबाईंची औषधं. मार्चमध्ये पासबुक घेऊन बसलं की प्रत्येक ओळीपुढे 'हे कसले?' असा प्रश्न. हिशेब लिहिणाऱ्या काकांनी यंदा वही मिटून सांगितलं, "बाय, पुढल्या वर्षी हा काला घेऊन माझ्याकडे येऊ नको. धंद्याचं वेगळं करंट अकाउंट (चालू खातं) काढ."

त्यात एका हॉटेलवाल्याने धंद्याच्या नावाने चेक फाडला. तो सेव्हिंग खात्यात भरता येत नाही. मग निर्णय घ्यावाच लागला.

कागदपत्रांची भीती वाटत होती, पण ती वाया गेली. एकट्या मालकाच्या धंद्याला स्वतःचं पॅन आणि आधार लागतं, शिवाय धंदा खरंच चालतो हे दाखवणारे दोन कागद. माझ्याकडे खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना लागणारी एफएसएसएआयची नोंदणी होती. दुसरा कागद म्हणून उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाच्या नोंदणीचं, काढलं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं, आधार क्रमांकावर काम होतं. शोधताना पैसे मागणारी भलतीच संकेतस्थळं आधी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. दोन कागद खरोखरच मिळण्यासारखे नसतील तर बँक जागेवर येऊन खात्री करून एकावरही खातं उघडू शकते, रिझर्व्ह बँकेने तशी मुभा दिली आहे. फक्त ते मॅनेजरच्या मर्जीवर असतं. जीएसटी क्रमांक नाही म्हणून मला कोणी अडवलं नाही. मालाच्या विक्रीत आपल्याकडे वर्षाला 40 लाखांपर्यंत तो घ्यावा लागत नाही. उद्यमच्या हिशेबाने मी 'सूक्ष्म' उद्योग आहे, आणि 10 कोटींची उलाढाल असलेलाही सूक्ष्मच. वाचून बरं वाटलं.

खरा घोळ बँक निवडण्यात. एका खासगी बँकेचा मुलगा टॅब घेऊन घरी आला. झीरो बॅलन्स, मोबाईलवर सगळं, कार्ड आकर्षक, वागायला गोड. मी त्याच्याकडे चार्जेसचा पूर्ण तक्ता मागितला. तो म्हणाला, "मॅडम, तसले काय चार्जेस नाहीतच." तरी मागितला. रात्री पीडीएफ आलं आणि बारीक अक्षरांत सगळं होतं. रोख भरायला शुल्क, किमान 50 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे बाजाराहून आल्यावर आठ हजार भरले की 59 रुपये गेले. दर आठवड्याला. शिवाय त्यांची शाखा पणजीला, तिथवर जायचा खर्च वेगळाच. जाता जाता त्याने विम्याची पॉलिसीही पुढे केली होती, ती मी बघितलीदेखील नाही. ज्याचा सगळा धंदा यूपीआयवर चालतो त्याला हे खातं कदाचित उत्तम. माझा नाही चालत.

माझा पैसा कसा येतो ते सांगते, कारण खातं त्यावरूनच निवडायचं असतं, जाहिरातीवरून नव्हे. म्हापशाला निम्मं गिऱ्हाईक अजून रोख देतं, तेही दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. माझ्या नोटांना आगळाचे जांभळट डाग असतात. आमच्या शाखेतला कॅशियर एक नोट उजेडात धरून म्हणाला, "वैनी, ही धुतली की शिजवली?" पण घेतली. दुसऱ्या एका शाखेत नाण्यांची पिशवी बघूनच मान हलली होती. रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात 1000 रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, बँकेने ती नाकारायची नसतात. पण दर शनिवारी कायदा सांगत काउंटरवर कोण उभं राहणार? म्हणून मी शाखा निवडताना आधी कॅशचा काउंटर बघितला. किती वाजेपर्यंत चालतो, किती माणसं, नाणी दिसल्यावर चेहरा कसा होतो. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद, हेही बाजार शुक्रवारी असलेल्याने ध्यानात धरावं. त्या आठवड्यात रोकड सोमवारपर्यंत घरात.

आता किमान बॅलन्स. हा मुद्दा सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी नीट वाचत नाही. खात्यात रोज अमुक रक्कम पडून असावी असा त्याचा अर्थ नाही. दिवसअखेरच्या रकमांची सरासरी काढतात, कुठे महिन्याची, कुठे तिमाहीची. माझ्यासारखीच्या धंद्यात या फरकाला फार किंमत आहे. एप्रिल-मेमध्ये भिरंडा विकत घ्यायची, काढणाऱ्यांना रोखच द्यायचं, मीठ आणायचं, पाऊस पडायच्या आत वाळवून मोकळं व्हायचं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी असते तोवर विक्रीही बरी. जून उजाडला की खातं कोरडं. जुलै तर विचारूच नका. मग चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजारात परत पैसा दिसायला लागतो. महिन्याची सरासरी धरणारी बँक जुलैला दंड लावणार म्हणजे लावणार. तिमाही धरणाऱ्या बँकेत जुलै ते सप्टेंबर एकच हिशेब. तिथे 5,000 ची सरासरी हवी असेल आणि हॉटेलचे 60,000 आठ दिवस जरी खात्यात थांबले, तरी 92 दिवसांची सरासरी पाच हजारांच्या वर जाते, बाकी सगळे दिवस शून्य असलं तरी. मी कागदावर मांडून बघितलं आणि तिथेच माझं निम्मं ठरलं.

नवऱ्याचं म्हणणं होतं सहकारी बँकेत जाऊया, ओळखीचे लोक आहेत. ओळख मलाही आवडते, पण म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये रद्द केला आणि मडगाव अर्बनचा 2021 मध्ये, हे गोव्यात तरी कोणाला सांगायला नको. सगळ्या सहकारी बँका तशाच असं मी म्हणत नाही. ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही. पतसंस्थेत मात्र नाही, आणि आपल्याकडे पतसंस्थेलाच सर्रास 'बँक' म्हणतात. आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली. एकट्या मालकाच्या धंद्याचं खातं आणि त्याचं स्वतःचं सेव्हिंग एकाच बँकेत असेल, तर विम्यासाठी दोन्ही मिळून एकच 5 लाख धरतात. म्हणून करंट खातं मी मुद्दाम दुसऱ्या बँकेत काढलं. सासूबाईंचं मत वेगळंच. त्यांच्या लेखी बँक म्हणजे पोर्तुगिजांची बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. तिथे गहाण ठेवलेलं गोंयकारांचं सोनं 1961 च्या गोवामुक्तीच्या सुमारास लिस्बनला गेलं, ते परत यायला 1991 उजाडलं. "खंयच्याच बांकेर विश्वास दवरूं नाका," हे त्यांचं पालुपद.

शेवटी बाजारापासून चालत जाता येईल अशी सरकारी बँक घेतली. त्यांचं ॲप रटाळ आहे, पासवर्ड सारखा बदलायला लावतं. पण तिमाही सरासरी आहे, रोख भरायची फुकट मर्यादा मला पुरून उरते, आणि कॅशियर आगळाच्या नोटा घेतो.

खात्री करायला बँकेचे साहेब घरी आले तेव्हा अंगणात सोलां वाळत होती. धंद्याच्या नावाचा बोर्ड हवा म्हणून आदल्या दिवशीच फ्लेक्स करून पडवीला टांगला होता. साहेबांनी मला बोर्डाखाली उभं करून फोटो काढला. मग सोलांचा एक फोटो. मग एक सोल तोंडात टाकलं. 'प्रोप्रायटर'चा रबरी शिक्का विसरू नका, माझ्याकडे नव्हता म्हणून फॉर्म एक दिवस अडला. नॉमिनी त्याच वेळी लावून घ्या, करंट खात्यालाही तो लावता येतो.

यूपीआयचे पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स घेतला नाही. त्याला महिन्याचं भाडं पडतं आणि शुक्रवारी म्हापशाच्या गर्दीत तो मलाच ऐकू येणार नाही. क्यूआर लॅमिनेट करून टोपलीला बांधला. बँकेशी थेट जोडलेल्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही, आणि ठोक नफ्यावर, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून कर भरताना रोख विक्रीचा नफा 8 टक्के धरतात तो बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्केच. हे कळल्यापासून माझ्याकडचं गिऱ्हाईक सुटे नाहीत म्हणालं की मला राग येत नाही.

हॉटेलवाल्यांना नवा खाते क्रमांक कळवला. एकाने दुसऱ्याच दिवशी पैसे टाकले. दुसऱ्याचा अकाउंटंट दर वेळी 'पेमेंट सायकल' म्हणतो. म्हणून आता बिलावर खाते क्रमांकाच्या खालीच उद्यम क्रमांकही छापून घेतलाय. आपण सूक्ष्म उत्पादक असलो की लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी फार तर 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर तो खर्च त्यांना पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षीच्या करात दाखवता येतो. पुढचं बिल सोमवारी जाईल.