तलावांच्या वाटेवर बाबांबरोबर तीन दिवस

स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेच्या हिरव्या मार्गावर ब्योर्कहागेन नावाचे एक साधे स्टेशन आहे. नावाचा अर्थ बर्चची राई असा होतो आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर खरोखरच बर्चच्या पांढऱ्या खोडांमध्ये विटांचे एक चर्च दिसते. तिथून थोडे पुढे गेले की झाडाच्या खोडावर नारिंगी रंगाचा पट्टा भेटतो. ही सॉर्मलांड्सलेडेन या पायवाटेची खूण. स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील जंगलांतून, तलावांच्या काठाकाठाने जाणारी ही वाट सर्व फाटे धरून सुमारे १००० किलोमीटर लांबीची आहे, शंभराच्या आसपास टप्प्यांमध्ये विभागलेली आहे आणि तिची सुरुवात शहराच्या रोजच्या तिकिटावर गाठता येते.

गेल्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बाबांना घेऊन या वाटेवर तीन दिवस चालले. बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी पाटबंधारे खात्यात नाशिक जिल्ह्यात काढली आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस सह्याद्रीत. अंजनेरी, हरिहर, कुलंग हे किल्ले मी त्यांच्या मागे चालतच पाहिले. त्यामुळे मी स्वीडनला आल्यापासून त्यांचा एकच प्रश्न असे, तो म्हणजे तिथे डोंगर नाहीत तर तुम्ही चालता कुठे. या वाटेने त्याचे उत्तर द्यावे अशी माझी इच्छा होती. स्टॉकहोम परिसरातील सर्वांत उंच जागा, टोर्नबेरियेत, समुद्रसपाटीपासून जेमतेम ११० मीटरवर आहे, म्हणजे इथे शिखर गाठण्याचा विषयच येत नाही. दिवस मोजायचा तो तलावांनी.

पाठपिशव्या भरताना मी तंबू, दोन मॅट, थंडीच्या स्लीपिंग बॅगा आणि गॅसची छोटी शेगडी घेतली. स्वयंपाकाची जबाबदारी बाबांनी स्वतःकडे घेतली. त्यांनी आदल्या रात्री रवा मंद आचेवर खमंग भाजला, त्यात मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी मिसळली, मीठसाखर घातली आणि त्याच्या सहा पुड्या बांधल्या. वाटेत उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवले की उपमा तयार. जोडीला दशम्या आणि लसणाची चटणी होती. शिजवायला लागणारे पाणी वाहायचे नाही, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. सह्याद्रीत चालणाऱ्या माणसाला पाण्याचे टाके कुठे आहे आणि त्यात अजून पाणी आहे का हे विचारूनच पाऊल टाकायची सवय असते.

पहिल्या दिवशी नाका नावाच्या राखीव जंगलातून हेल्लासगोर्डेन या सहलीच्या केंद्रापर्यंत वर्दळ होती. पळणारे तरुण, बाबागाड्या ढकलणारे आईवडील, तलावात उड्या मारून थेट वाफघरात शिरणारे वृद्ध. तो भाग आम्ही भराभर ओलांडला. शेल्टॉर्प तलावाचा काठ मागे पडल्यावर माणसे विरळ झाली आणि वाटेने आपले खरे रूप दाखवायला सुरुवात केली. चढ म्हणावा असा चढ नाही, परंतु पाऊल सपाट पडेल अशी जागाही नाही. पाइन आणि स्प्रूसची मुळे दोरखंडासारखी वाटेवर पसरलेली असतात, मध्येच गुळगुळीत खडकाचा कासवाच्या पाठीसारखा उंचवटा येतो, त्यावरून उतरले की दलदल आणि दलदलीवर टाकलेल्या दोन-दोन फळ्या. तासाभरात बाबा म्हणाले, "किल्ला चढताना एवढं खाली बघावं लागत नाही गं." दुपारी त्यांचा पाय ओल्या फळीवरून घसरला आणि घोट्याच्या वरपर्यंत शेवाळात गेला. काही लागले नाही, पण बूट रात्रभर ओलाच राहिला.

त्या घसरण्यातूनच बाबांची खरी चाल सुरू झाली असे मला वाटते. पाय बाहेर काढताना हाताशी आलेला शेवाळाचा एक पुंजका त्यांनी मुठीत धरून पिळला. त्यातून पाण्याची धार लागली, ओल्या पंच्यातून लागावी तशी, आणि मूठ उघडल्यावर शेवाळ हळूहळू फुगून पुन्हा पूर्वीसारखे झाले. दलदलीत वाढणारे हे फिकट हिरवे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकते, असे मी वाचलेले होते. मी ते सांगितले तेव्हा त्यांनी तोच पुंजका परत जागेवर ठेवला आणि आजूबाजूला पसरलेल्या दलदलीकडे बघत राहिले. "म्हणजे हा साठा आहे," ते म्हणाले. त्यानंतर तीन दिवस प्रत्येक तलावापाशी आल्यावर ते आधी एकच गोष्ट शोधत, ती म्हणजे पाणी येते कुठून आणि सांडवा कुठे आहे.

स्टॉकहोमला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ५५० मिलिमीटर पाणी पडते. हा आकडा नाशिक शहराच्या पावसापेक्षाही कमी आहे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तर चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळतो आणि तरीही त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर जातो. बाबांनी ही विसंगती नोकरीभर पाहिली होती. इथे तिची दुसरी बाजू त्यांच्यासमोर पसरलेली होती. हा पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा पडतो, हिवाळ्यातला बर्फ वसंतात सावकाश वितळतो, ऊन तिरपे असल्यामुळे बाष्पीभवन कमी होते. आणि जमिनीची घडण अशी की पाण्याला पळून जायला उतारच मिळत नाही. हिमयुगात या भूमीवर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याने नाइस नावाचा कठीण खडक घासून गुळगुळीत केला, खडकातल्या जुन्या भेगा कोरून रुंद केल्या आणि बर्फ गेल्यावर त्या भेगांमध्ये पाणी साठले. म्हणून इथले कितीतरी तलाव लांबट, अरुंद आणि एकाच दिशेने आखल्यासारखे दिसतात. आपला सह्याद्रीतला बसाल्ट खडक उंच, उभ्या कड्यांचा, पाणी घाटावरून कोकणात काही तासांत उतरवून देणारा.

बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली ही जमीन अजूनही वर येत आहे. स्टॉकहोमजवळ तिचा वेग वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर आहे. बर्फ वितळला तेव्हा आम्ही चालत होतो ती सगळी जागा समुद्राखाली होती. आधी उंचवटे बेटांसारखे डोके वर काढून आले, मग खाड्या तुटून तलाव झाले. स्टॉकहोम शहर ज्या मेलारेन तलावाचे पाणी पिते तो तलावसुद्धा अवघ्या आठशे वर्षांपूर्वीपर्यंत बाल्टिक समुद्राचाच भाग होता. बाबांनी लगेच हिशेब केला की त्यांच्या चौसष्ट वर्षांत ही जमीन बत्तीस सेंटिमीटर वर आली, आणि आपल्या पोटरीवर हात ठेवून तेवढी उंची मला दाखवली.

पहिली रात्र आम्ही आल्बीच्या पुढे, वाटेवरच्या एका आडोशात काढली. या वाटेवर ठिकठिकाणी लाकडी आडोसे बांधलेले आहेत. तीन बाजूंनी भिंती, वर उतरते छप्पर, पुढची बाजू उघडी आणि समोर दगडांनी आखलेली शेकोटीची जागा. कुलूप नाही, आरक्षण नाही, भाडे नाही. वाटेची देखभाल करणाऱ्या संस्थेची माणसे स्वयंसेवेने फळ्या बदलतात, नारिंगी पट्टे पुन्हा रंगवतात. स्वीडनमध्ये सर्वांचा हक्क म्हणून ओळखली जाणारी जी जुनी रीत आहे तिच्यामुळे खासगी मालकीच्या रानातूनही कोणालाही चालता येते, घरांपासून दूर एखादी रात्र तंबू टाकता येतो, बोरे आणि अळिंबी वेचता येतात. अट एवढीच की कोणाला त्रास द्यायचा नाही आणि कशाचीही नासधूस करायची नाही. त्या संध्याकाळी आम्ही मूठ-मूठ लिंगन, म्हणजे रानातली छोटी लाल फळे, वेचले. ते कच्च्या करवंदाइतके आंबट असतात. बाबांनी ते चटणीबरोबर दशमीवर चुरडून खाल्ले आणि उरलेले सकाळच्या उपम्यात घातले.

झोपण्यापूर्वी एक काम रोज न चुकता करावे लागते. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला गोचीड बसलेली नाही ना हे पाहायचे. स्टॉकहोमच्या परिसरातील गोचिडींमधून मेंदूला सूज आणणारा एक विषाणू पसरतो. त्यावर लस आहे आणि ती इथे रानात जाणारे बरेच लोक घेतात. पण गोचिडींमधूनच येणाऱ्या बोरेलिया या जिवाणूच्या आजारावर इथे लस मिळत नाही, म्हणून गोचीड लवकर सापडणे महत्त्वाचे असते. बाबांच्या डाव्या घोट्यावर एक सापडली, तिळाएवढी. चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ वर ओढून काढली. जे कोणी आईवडिलांना इथे रानात घेऊन जाणार असतील त्यांनी लशीचे डोस आधीच वेळापत्रकात बसवावेत, कारण ते काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिरेस्ताच्या जंगलात शिरलो. हे राष्ट्रीय उद्यान १९९३ मध्ये घोषित झाले. राजधानीच्या मध्यापासून केवळ २० किलोमीटरवर असूनही इथे कुऱ्हाड न लागलेले जुने पाइनचे रान टिकून आहे आणि त्यातली काही झाडे ४०० वर्षांच्या घरातली आहेत, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या सुमारास रुजलेली. अशा एका झाडाच्या खोडाला बाबांनी हात लावला. खालची साल खवल्यांसारखी जाड आणि करडी, वर जाताना मात्र तांब्यासारखी पातळ आणि चकचकीत. उंची फार नव्हती. खडकावर दोन-चार बोटे माती, त्यात चारशे वर्षे उभे राहायचे तर झाड वाढणार किती?

त्या पातळ मातीचे मोल पुढे कळले. ऑगस्ट १९९९ मध्ये कोरड्या उन्हाळ्यात इथे वणवा लागला आणि सुमारे ४५० हेक्टर रान जळाले. आग जमिनीवरच्या पालापाचोळ्यात आणि मुळांत खोलवर धुमसत राहिली, त्यामुळे माती जळून गेली आणि आधार सुटलेली झाडे नंतर उभीच्या उभी कोसळली. आज तिथे करड्या ओंडक्यांचा खच पडलेला आहे, त्यांच्यामधून बर्च आणि ॲस्पेनची दाट, बोटभर जाडीची झाडी वर आली आहे, आणि उंचवट्यांवर अजून उघडा खडक चकाकतो. आपल्याकडे वणव्यानंतर पहिल्या पावसात गवत उगवते. इथे मातीच नाहीशी झाली, ती पुन्हा तयार व्हायला शतके लागतील. बाबा त्या उघड्या खडकावर बराच वेळ बसले. "इथे पडलेलं पाणी थांबत नसणार," एवढेच म्हणाले.

उद्यानात तंबू ठरवून दिलेल्या जागांवरच टाकायचा असतो. आम्ही एका तलावाकाठी गेलो आणि मी हौसेने पाण्याला अगदी लागून, सर्वांत खोलगट भागात तंबू उभारला. ती माझी चूक झाली. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन अशाच जागी साठते, आणि पहाटे चारला तंबूच्या आतल्या कापडावरून दव आमच्या तोंडावर ठिबकत होते. पाच-सहा मीटर वर, झाडांखाली झोपलेल्या जोडप्याचा तंबू सकाळी कोरडा होता.

पण ती सकाळ मी विसरणार नाही. धुके पाण्यावर गुडघाभर उंचीचे होते, पलीकडचा काठ दिसत होता पण पाणी दिसत नव्हते. मी पातेले बुडवून पाणी आणले, चांगले उकळले आणि पांढऱ्या इनॅमलच्या पेल्यात ओतले तेव्हा बाबांनी पेला उजेडात धरला. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. "यात पत्ती घातलीस का?" मी नाही म्हटले. दलदलीतल्या कुजणाऱ्या वनस्पतींचा अर्क पाण्यात उतरून हा रंग येतो, त्यात गढूळपणा नसतो, तळ स्वच्छ दिसतो. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि सांगितले की चवीला किंचित लाकडासारखे आहे, पण पाणी चांगले आहे.

परतीची बस तिरेस्ताच्या जुन्या खेड्यातून हान्डेनला जाते आणि तिथून लोकल मिळते. आमच्या हाताशी दोन तास होते. वाटेत शेवटच्या तलावाचा सांडवा लागला, सांडवा म्हणजे दोन खडकांमधून निघणारा एक ओहोळ. बाबांनी पाठपिशवी उतरवली. चालायच्या काठीवरच्या खुणांनी त्यांनी ओहोळाची रुंदी मोजली, साठ सेंटिमीटर. तीन ठिकाणी खोली मोजून सरासरी काढली, आठ सेंटिमीटर. मग त्यांनी काठावर तीन मीटरचे अंतर आखले, वरच्या खुणेपाशी बर्चचे पिवळे पान सोडले आणि मला घड्याळ धरायला सांगितले. पान वीस सेकंदांत खालच्या खुणेपाशी आले. त्यांनी हे चार वेळा केले, कारण एकदा पान शेवाळात अडकले. पृष्ठभागाचा वेग तळाच्या वेगापेक्षा जास्त असतो म्हणून त्यांनी आकड्याचा पाचवा हिस्सा वजा केला आणि खिशातल्या वहीत लिहिले, सेकंदाला सहा लिटर, आठ दिवस पाऊस नाही.

नंतर बसथांब्यावर बसल्यावर त्यांनी वही पुन्हा काढून त्याखाली गुणाकार मांडला. दिवसाला पाच लाख अठरा हजार लिटर. "दहा हजाराचे एक्कावन्न टँकर," ते म्हणाले, आणि त्या पानावर तलावाचे नाव लिहायला मला सांगितले.