उदाची शिशी आणि पहिली दहा मिनिटं

आखातातून सुट्टीला आलेला मामा किंवा भाऊ अंगठ्याएवढी काचेची शिशी हातावर ठेवतो. ‘खरा ऊद आहे, जपून वापरा.’ झाकण उघडलं की गोठ्याचा, ओल्या चामड्याचा वास नाकात घुसतो आणि शिशी कपाटात मागे सरकते. कुणाला वाटतं मामा फसला, कुणाला वाटतं अरबांची आवडच निराळी. बहुतेक वेळा मालात खोट नसते. गुलाब-मोगऱ्याचं अत्तर आपण पहिल्या हुंगण्यात जोखतो, तसं उदाला जोखता येत नाही. दुबई, मस्कत, दोहा इथे रोज हा वास घेता घेता जे कळत जातं, ते या लेखात सांगतो आहोत.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्या किराणा दुकानात ‘ऊद’ म्हणून पुडीत मिळतो तो लोबानाच्या जातीचा, झाडाचा वाळलेला चीक. बाळाला धुरी देताना तो निखाऱ्यावर टाकतात. आखातातला ऊद म्हणजे लाकूड. अरबीत या शब्दाचा अर्थच लाकूड, काठी. संस्कृतातला अगरू तो हाच. म्हणजे आपल्या उदबत्तीत अरबी ऊद आहे, अगरबत्तीत संस्कृत अगरू आहे, आणि दोन्ही नावं एकाच झाडाकडे जातात. आज बाजारातल्या बत्तीत ते लाकूड क्वचितच असतं, पण नावाने आठवण धरून ठेवली आहे.

हे झाड अ‍ॅक्विलेरिया प्रजातीतलं. आसाम आणि ईशान्य भारतापासून थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत ते वाढतं. निरोगी झाडाचं लाकूड पांढुरकं, हलकं आणि बिनवासाचं असतं. किडीने पोखरलं, फांदी मोडली, जखमेतून बुरशी शिरली, की झाड त्या जागी काळसर राळ साठवू लागतं. राळ मुरलेलं ते लाकूड म्हणजेच ऊद. राळ जितकी जास्त तितकं लाकूड जड. उत्तम तुकडा पाण्यात बुडतो. रानात कोणत्या झाडात राळ आहे हे बाहेरून नेमकं कळत नाही, त्यामुळे एका झाडासाठी अनेक तोडली गेली. म्हणूनच अ‍ॅक्विलेरियाची मुख्य जात १९९५ साली आणि पुढे सगळ्या जाती २००५ साली साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आल्या. आता लागवडीच्या झाडांना मुद्दाम भोकं पाडून, बुरशी सोडून राळ धरवतात.

आसामातलं होजाई हे या धंद्याचं जुनं गाव. तिथल्या हाजी अजमल अली यांनी १९५१ साली मुंबईत अत्तराचा व्यवसाय उभारला, आणि आज त्या घराण्याची दुकानं आखातभर आहेत. आसामचं लाकूड, मुंबईची पेढी आणि अरबी गिऱ्हाईक ही साखळी लक्षात ठेवली, तर दुबईतल्या अत्तरवाल्याच्या तोंडी ‘हिंदी’, म्हणजे भारतीय ऊद, हा शब्द आदराने का येतो ते उमगतं.

उदाचं तेल, म्हणजे देह्न-अल-ऊद, काढण्याआधी लाकडाचा भुगा पाण्यात कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे भिजत घालतात. तो आंबतो. मग देगेत उकळून वाफेबरोबर तेल वर काढतात. आसामी पद्धतीत हे आंबणं जास्त, आणि तो गोठ्याचा वास तिथूनच येतो. आंबण्यातून आलेले हे घटक हलके असतात, त्वचेवरून आधी उडून जातात. अर्ध्या तासाने चामडं आणि मसाल्याचा वास उरतो, दोन तासांनी कोरडं गोडसर लाकूड, मधाची किंचित छटा, आणि ते दुसऱ्या सकाळपर्यंत मनगटावर असतं. पहिल्या दहा मिनिटांत निकाल देणारा माणूस उदाला भेटलेलाच नसतो.

दुकानात तीन नावं सारखी कानावर पडतात. हिंदी म्हणजे तो उग्र, चामड्याचा, म्हाताऱ्या अरबांचा लाडका. कंबोडी म्हणजे गोड, पिकल्या फळासारखा; नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. मलेशिया-इंडोनेशियाकडचा ऊद बहुधा हिरवट, कापरासारखा गार. मात्र ही नावं आता गंधाची जात सांगतात, मूळ गावाचा दाखला देत नाहीत. कंबोडी म्हणून मिळणारं तेल थायलंडातल्या लागवडीचंही असतं आणि त्यात वावगं काही नाही. वावगं असतं ते ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणत पातळ केलेलं तेल विकणं.

तेल तोळ्यावर विकतात. आपल्याकडे सराफ आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, आखातातल्या अत्तरवाल्यांनी ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा राखला आहे आणि व्यवहारात तो १२ मिली धरतात. पाव तोळा म्हणजे ३ मिली. पहिल्यांदा घेणाऱ्याने याहून जास्त घेऊच नये.

लावायची रीत साधी आहे, पण हात आवरावा लागतो. गार खोलीत तेल घट्ट होतं, म्हणून शिशी दोन-तीन मिनिटं मुठीत धरा. काचेची काडी बाहेर काढताना शिशीच्या तोंडावर पुसून घ्या. काडीला जी ओल उरेल तेवढीच पुरते. एका मनगटाच्या आतल्या बाजूला एक रेघ, दुसरं मनगट त्याला टेकवा, मग तीच मनगटं कानामागे. थेंब टपकवायचा नाही. थेंबभर तेल लावून लिफ्टमध्ये शिरलात तर इतरांना श्वास घेणं जड जाईल. तेल गडद तपकिरी असतं आणि पांढऱ्या कापडावरचा डाग निघत नाही, म्हणून ते अंगाला लावा, कपड्याला नाही. नुकतीच दाढी केलेल्या गालावर लावलं तर झोंबतं. त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

कपड्यांसाठी धूर असतो, आणि उदाचं खरं सौंदर्य तिथे आहे. लाकडातल्या राळेत क्रोमोन नावाचे जड घटक असतात. तेल काढताना ते वाफेबरोबर फारसे वर येत नाहीत. निखाऱ्याच्या उष्णतेने मात्र ते फुटतात आणि त्यातून गोड, मऊ वास सुटतो. म्हणून ज्याला तेल आवडत नाही, त्यालाही धूर आवडू शकतो.

धुपाटण्याला आखातात मबखरा म्हणतात. झटपट पेटणारा गोल कोळसा सगळीकडे मिळतो. त्यात शोरा असतो, म्हणून तो तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि सुरुवातीला फटाक्यासारखा वास देतो. चिमट्यात धरून पेटवा आणि दहा मिनिटं तरी हात लावू नका. कडेपासून मध्यापर्यंत पूर्ण राखाडी झाला, वास थांबला, की त्यावर राखेचा पातळ थर पसरा किंवा अभ्रकाची चकती ठेवा. आता नखाएवढा तुकडा, साधारण पाव ग्रॅम, कडेला ठेवा, थेट मधोमध नाही. थोड्या वेळात तुकड्याची कड ओलसर, चकचकीत होते, घामेजल्यासारखी. मग तिथे बारीक बुडबुडे येतात, राळ उकळते, आणि पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ वर जाते. बुडबुडे चालू आहेत तोवर वास गोड असतो. ते थांबले आणि जळक्या लाकडाचा वास आला, की तुकडा लगेच उचला. बहुतेकांचं इथेच चुकतं. पैसे मोजले आहेत म्हणून तुकड्याचा कोळसा होईपर्यंत ठेवतात, आणि मग पडद्यांना होळीचा वास राहतो. ठेवल्याबरोबर भसकन दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला तर निखारा फार तापलेला आहे, राख वाढवा. विजेचं धुपाटणं असेल तर सर्वांत मंद आचेवर ठेवा. मंद आचेवर चांगला तुकडा दोन-तीनदा वापरता येतो.

बखूर हा याचा रोजच्या वापरातला भाऊ. लाकडाचा भुगा किंवा हलक्या प्रतीचे तुकडे सुगंधी तेलात मुरवून, चंदन, कस्तुरीचा वास, गुलाब, कधी साखरही घालून तो करतात. साखर असल्यामुळे तो जास्त आचेवर करपतो आणि कडवट होतो. वाटाण्याएवढा पुरतो.

अंगावर घालताना क्रम असा: अंघोळ, कोरड्या त्वचेला बिनवासाचं मलम, मग तेलाची रेघ. कपडे सुती असतील तर वास धरतात. मबखरा जमिनीवर ठेवून त्यावर हातभर उंचीवर कपडा मिनिट-दोन मिनिटं धरा. ओमानात त्यासाठी लाकडी पट्ट्यांचा शंकूसारखा सांगाडा असतो, त्यावर कपडा पसरतात. रेशीम आणि नायलॉन दूरच ठेवा, एक ठिणगी पुरते. किंचित ओले केस धूर फार छान धरतात. ओढणी आणि दाढीही. फवाऱ्याचं अत्तर लावायचं असेल तर ते सर्वांत शेवटी, आणि निखाऱ्यापासून दूर, दुसऱ्या खोलीत. त्यात अल्कोहोल असतं आणि ते भडकतं.

खोलीची एक खिडकी उघडी हवीच. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि एसी लावून बंद केलेल्या छोट्या खोलीत तो साठतो. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर धूर नकोच, तेल वापरा. इथल्या इमारतींत धुराचे गजर असतात, तेव्हा मबखरा त्याच्या बरोबर खाली ठेवू नका.

अरबांच्या घरी जेवण आणि कॉफी झाल्यावर मबखरा पाहुण्यांत फिरतो. उजव्या हाताने धूर आपल्याकडे ओढायचा, गुत्र्याची (पुरुषांच्या डोक्यावरच्या रुमालाची) किंवा ओढणीची टोकं त्यावर धरायची, आणि पुढच्याकडे सरकवायचा. ‘मा बाद अल-ऊद कुऊद’ अशी म्हण आहे: ऊद आल्यावर बसणं नाही. आपल्याकडे समारंभाच्या शेवटी अत्तर-गुलाब आणि पानसुपारी येते, तीच ही खूण. मबखरा फिरल्यावर नवा विषय काढून बैठक मारणं बरं दिसत नाही.

खरेदीला दुबईत देरामधला अत्तरांचा बाजार किंवा मस्कतचा मत्राह सूक ही नेहमीची ठिकाणं. एका फेरीत दोनच तेलं लावून बघा, प्रत्येक मनगटावर एक. मग दुकानातून बाहेर पडा, जेवून या, दोन तासांनी हुंगा आणि मग परत जा. चांगला दुकानदार याला नाराज होत नाही. लाकडाच्या बाबतीत काळ्या रंगावर जाऊ नका. हलकं लाकूड रंग आणि तेलाने भरून जड आणि काळं केलेलं मिळतं, त्याला व्यापारी ब्लॅक मॅजिक वूड म्हणतात. ते पाण्यातही बुडतं, म्हणून पाण्याची परीक्षा एकटी पुरत नाही. तुकडा बोटांनी चोळा, रंग हाताला लागला तर सोडून द्या. आतून फोडून बघा. खऱ्या तुकड्यात राळेच्या तपकिरी-काळ्या शिरा असमान पसरलेल्या दिसतात, भरलेला सगळीकडे सारखाच काळा असतो. आणि एक तुकडा जाळून दाखवायला सांगा. धुरात प्लास्टिकचा किंवा स्वस्त सेंटचा वास आला की विषय संपला.

फवाऱ्याच्या बाटल्यांवर ‘ऊद’ लिहिलेलं असतं तिथे बहुधा प्रयोगशाळेत जुळवलेला उदाचा गंध असतो. २००२ साली इव्ह सॅं लोरॉंचं एम-सेव्हन आलं आणि पाश्चात्त्य अत्तरांत उदाची लाट सुरू झाली. ही अत्तरं स्वच्छ, सौम्य असतात, कचेरीत चालतात. तेलाच्या किमतीत ती घेऊ नका, इतकं पाळलं की झालं.

भारतात नेताना साइट्सची मुभा माणशी १ किलो लाकूड आणि २४ मिली तेलापर्यंत आहे. देशाचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, म्हणून निघण्याआधी तपासा आणि दुकानाची पावती जवळ ठेवा.

आता कपाटातल्या शिशीकडे वळू. बूच घट्ट असेल आणि ऊन लागलं नसेल, तर उदाचं तेल वर्षानुवर्षं टिकतं. रंग गडद होतो, तेल दाट होतं आणि गोठ्याचा वास मावळत जातो. जुन्या तेलाला इथे जास्त भाव मिळतो तो यासाठीच. तेव्हा ती शिशी शोधून काढा, मुठीत गरम करा, रात्री जेवण झाल्यावर मनगटावर एक बारीक रेघ ओढा, आणि झोपताना हुंगा.