टेम्पेलहोफमधला १२,६५० टनांचा खांब

बाबा पहिल्यांदा बर्लिनला आले तेव्हा ब्रांडेनबर्ग गेटच्याही आधी मी त्यांना टेम्पेलहोफला नेलं. तिथे वस्तीला लागूनच काँक्रीटचा एक अजस्र गोल खांब उभा आहे. खिडकी नाही, नक्षी नाही, अंगावर पावसाचे काळे ओघळ. वजन १२,६५० टन. हिटलरला या भागात ११७ मीटर उंचीची विजयकमान बांधायची होती. जमीन तिचा भार पेलेल का, एवढंच बघायला १९४१ मध्ये हा खांब उभा केला. त्यावर फ्रेंच युद्धकैद्यांना राबवलं. तीन वर्षांत तो सुमारे १९ सेंटिमीटर खचला.

त्या कमानीचं चित्र हिटलरनं १९२५ च्या सुमारासच काढलं होतं. सत्ता मिळायला अजून आठ वर्षं होती! युद्धाचा भडका अचानक उडतो, यावर इथे राहायला लागल्यापासून माझा विश्वास राहिलेला नाही.

ऑगस्ट १९३६ च्या टिपणात हिटलरनं बजावलं होतं: चार वर्षांत सैन्य लढायला आणि अर्थव्यवस्था युद्धाला तयार हवी. पैसा कुठून आणला? बाबांचा जन्म बँकेत गेला, त्यांना यातच रस. शस्त्रं बनवणाऱ्यांना ‘मेफो’ नावाच्या, जवळजवळ कागदावरच असलेल्या कंपनीच्या हुंड्या मिळत. त्या वटवायची हमी राइशबँकेची, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेची. असं सुमारे १२ अब्ज मार्कांचं कर्ज सरकारी हिशेबात न दिसता उभं राहिलं.

“अरे, पण मुदत भरल्यावर?”

जानेवारी १९३९ मध्ये राइशबँकेचे अध्यक्ष शाख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्च आवरा असा इशारा दिला, तर शाख्तनाच घरी बसवलं. मग कर्ज भागवायचं कशातून? ऑस्ट्रिया आधीच गिळला होता, त्याच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं तोवर ताब्यात आलेलं होतं. मार्चमध्ये प्रागही घेतलं, सप्टेंबरमध्ये पोलंडवर हल्ला.

परतताना विल्हेल्मश्ट्रासवर उतरलो. हिटलरचं सरकारी कार्यालय, चॅन्सेलरी होती तिथे आता राहती घरं आहेत. ५ नोव्हेंबर १९३७ ला इथेच चार तास बैठक चालली. हिटलरनं सांगितलं: जर्मनीला जागा हवी, ती बळानंच मिळेल, उशिरात उशिरा १९४३ ते ४५ पर्यंत; आधी ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया. त्याचा लष्करी सहायक कर्नल होसबाखनं ते सगळं टिपून ठेवलं. युद्धमंत्री ब्लॉम्बर्ग, सेनाप्रमुख फ्रिट्श आणि परराष्ट्रमंत्री नॉयराट यांनी शंका काढल्या. तीन महिन्यांत तिघांचीही पदं गेली.

पण शंका कसल्या? ब्रिटन-फ्रान्स मध्ये पडतील, चेक सीमेवरची तटबंदी मजबूत आहे, असल्या. ती जमीन दुसऱ्यांची आहे, असं त्या संपूर्ण टिपणात एकजणही म्हणत नाही. मी हे सांगितलं तेव्हा बाबा त्या घरांसमोर बराच वेळ थांबून राहिले.