आमची वाटचाल : चिरा विकला, माती विकत घेतली

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, पहिली चिरेखाण सुरू केली ती मेहुण्याच्या भागीत. चिरा म्हणजे बांधकामासाठी कापलेला जांभा दगड. एक जनरेटर, दोन मशिनी. उभा काप मी बघायचो, आडवा तो. पात्याचे दात बोथट झाले की आवाज घोगरा होतो. मेहुण्याला तो चहाच्या टपरीवर बसून कळायचा. तिथूनच ओरडायचा, "भावोजी, बंद करा!"

चूक एकच केली, पण पुरून उरली. सड्यावर माती वीतभर, कुठे तीही नाही. ती खरवडून आम्ही एका बागायतदाराला विकली आणि वर पेढे खाल्ले. करार संपला तसे जमीनवाले काका कागद घेऊन दारात. "खड्डा भरून, वर माती टाकून द्यायचं ठरलंय." ठरलं होतंच, वाचलं कुणी होतं?

खड्डा भरायला चिरे कापताना पडलेला चुरा आमचाच होता, ढकलायला जेसीबीचं डिझेल तेवढं. पण माती? गुंठ्यावर फूटभर पसरायची तर जवळजवळ 11 ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). खड्डा 40 गुंठ्यांचा, म्हणजे 436 ब्रास! त्यात माती हेही गौण खनिज. रॉयल्टी, वाहतुकीचा पास, डंपरचं भाडं वेगळंच. एक मशीन विकली, बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. मेहुणा भागीतून बाहेर पडला. अजून लग्नाकार्यात भेटतो, चिऱ्याचा विषय काढत नाही.

नेमका तेव्हाच शेजारच्या खाणवाल्याने चिऱ्यामागे दोन रुपये भाव पाडला. त्याला परवडणारच! त्याने भरणी केलीच नाही. त्याचा खड्डा आषाढात अजून काठोकाठ भरतो; वाडीतल्या दोन म्हशी त्यात गेल्या. आमची गिऱ्हाइकं मात्र त्याच्याकडे. उरला एक गवंडी. चिरा हातोडीने वाजवायचा, कान द्यायचा, "तुमचा कोपरा फुटत नाही," म्हणायचा आणि आगाऊ पैसे ठेवून जायचा. त्यावर कामगारांचे दोन महिने निघाले.

पुढची वर्षं बरी गेली.

दुसऱ्या खाणीला माती आधी काढून कडेला रास केली, पावसात वाहू नये म्हणून वर गवत रुजू दिलं. एक पट्टा कापून झाला की पुढच्याचा चुरा थेट त्यात. दोनदा उचलायचा खर्च वाचतो. दर चिऱ्यामागे एक रुपया भरणीच्या खात्यात, पासबुक बायकोकडे. माझ्याकडे असतं तर पात्यांत गेलं असतं.

धंद्यात नवीन येणाऱ्यांनी भरणीचा खर्च कुणाचा ते करारात पहिल्या पानावर लिहून घ्यावं. आणि सडा आधी पायी फिरावा. कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेलं प्राचीन चित्र, दिसलं तर त्या जागेचं नाव काढू नये.

पहिल्या खड्ड्यावर वेंगुर्ला-4 काजूची 80 कलमं लावली, सात-सात मीटरवर. कोपऱ्यातली अकरा मेली. तिथे माती फूटभर नव्हती, मलाच ठाऊक आहे. बाकीची धरली. बिया काका विकतात. भरणीला किती गेले, ते त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.